श्वास रोखा

रविवारी पावणेसातला वेताळ टेकडीवर
एवढी थंडी, की बटण बोटाला कळत नाही.
म्हणून हातमोज्याचं एक बोट कात्रीने कापून आणलंय.
"मास्तरीणबाई, चांगला मोजा बिघडवलात," बेहरे म्हणतात.
मी मास्तरीण नाही. मी एक्स-रे काढते,
कर्वे रस्त्यावरच्या एका तळघरात, एकोणीस वर्षं.
पण बेहऱ्यांचं आयुष्य टपालखात्यात गेलं,
त्यांना जो भेटेल तो मास्तर.

खाणीच्या बाजूने मोर ओरडतो.
मागून एक कुटुंब मोबाइलवर आरती लावून चाललंय.
आरती वळणाआड गेली तशी
घाणेरीच्या गचपणातून
टिर्र. टिर्र.
"लिटकुरी," बेहरे ओठांतल्या ओठांत.

गळ्याखाली तांबूस डाग,
घाईत चहा पिताना सांडावा तसा.
शेपूट वर. खाली. वर.
मी डोळा लावते: फांदी.
फोकस जुळतो: फांदी.
पुन्हा: फांदी, आणि कडेला पुसट काहीतरी,
वर्गाच्या फोटोतून ऐनवेळी सटकलेलं पोर.

आणि पर्णवटवट्या! त्याचं तर नावच काढू नका.
जुन्या जाड पाचाच्या नाण्याहून हलका,
हिमालयापलीकडून उडत इथवर आलेला,
आणि गिरिपुष्पाच्या एका पानावर
दोन सेकंद टेकायला त्याला सवड नाही.
"काय चंचल आहे मेला," मी म्हणते.
बेहरे दुर्बीण खाली घेतात.
"दिवसभर खाल्लं नाही तर रात्रीची थंडी निभत नाही त्याला.
चंचल कसला?
कामावर आलाय तो."

आमच्याकडे हललेलं सगळं बाद.
हनुवटी वर. खांदे पुढे. हलू नका.
श्वास घ्या. रोखा.
दिवसातून साठदा तरी.
दिवाळीनंतर एक मुलगा आला होता, हर्षल बोत्रे, वय सहा,
टाकीवरून पडून मनगट मोडलेलं.
तीनदा काढला, तीनदा हलला.
चौथ्यांदा मी ओरडले.
आईने शिशाचा एप्रन घालून त्याचा दंड दाबून धरला
आणि फोटो आला, स्वच्छ,
हाडाची रेघन्‌रेघ मोजता येईल असा.
पाचही बोटं ताठ, फाकलेली.
डॉक्टर म्हणाले, "वा, छान आलाय."
मला तो आजही बघवत नाही.

नऊला ऊन टणक झालं, पाखरं आत शिरली.
दगडावर बसून आम्ही मोजले: दोनशे चौदा.
फांद्या, आभाळ, पाठमोरं काहीतरी,
एक माझाच बूट.
बेहऱ्यांना जवळचं दिसत नाही,
कॅमेरा हातभर लांब धरून ते एकेक पुढे ढकलत राहिले,
पत्त्याची चिठ्ठी फाटलेली पाकिटं चाळावीत तसे.
मग एकाशी थांबले.
"हा मला पाठवा."
"अहो, यात पक्षी नाहीये."
"पान हललंय की."

सोमवार. साडेअकरा.
तळघरात एक आजी आल्या, खोकल्याच्या,
हातातल्या बांगड्या वर सरकवून बांधलेल्या.
गार पाट्याला छाती टेकवली तशा शहारल्या.
हनुवटी वर. खांदे पुढे.
श्वास घ्या. रोखा.

पडद्यावर उजेड उमटला, आणि त्यात
दोन्ही बाजूंनी खाली वाकलेल्या बरगड्या,
मधून बारीक, आणखी बारीक होत गेलेल्या
बिनपानांच्या डहाळ्या.
मी पुढे वाकले.
डाव्या बाजूला, तिसरीच्या खाली, हृदयाच्या कडेला,
तिथे ती कड थोडी पुसट होती.
तेवढीच हललेली.
मी बघत राहिले,
कापलेल्या मोज्यातलं ते बोट अजून बधिर,
किती वेळ, कोण जाणे.

काचेपलीकडे आजी तशाच,
गाल फुगवून, डोळे मिटून.

सोडा म्हणायचं राहूनच गेलं होतं.